टायरोनची जिल्हा परिषद आणि आपला चार नगरसेवकांचा प्रभाग

आपल्या चळवळीत निवडणुकीची चर्चा सुरू झाली की ती दोन प्रश्नांवर येऊन अडते. युती कुणाशी करायची आणि आपली मते कुणी फोडली. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, नाही असे नाही. पण तिसरा प्रश्न आपण जवळजवळ विचारतच नाही. मते मोजण्याची ही पद्धत कुणी ठरवली आणि ती कुणाच्या सोयीची आहे? मैदान कसे आखले आहे हे न पाहता आपण फक्त खेळाडूंवर चिडतो. हा तिसरा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो आयर्लंडच्या एका जुन्या निवडणुकीमुळे. समाजशास्त्रात एम.ए. करताना अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावर वाचत होतो, तेव्हा ती निवडणूक समोर आली. आज वस्तीत काम करताना ती रोज आठवते, म्हणून हा लेख.

आयर्लंडच का, असे कुणी विचारेल. बाबासाहेबांनी आयर्लंडचा प्रश्न बारकाईने अभ्यासला होता. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी अल्स्टरच्या युनियनिस्टांचा आणि आयरिश राष्ट्रवाद्यांचा दाखला दिला आहे. आपल्या संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयरिश राज्यघटनेतून आली, हे तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांनाही पाठ असते. पण मार्गदर्शक तत्त्वांच्या पलीकडे आयर्लंडने जगाला दाखवलेली आणखी एक गोष्ट आहे. प्रमाणशीर प्रतिनिधित्व दिले तर काय होते आणि ते काढून घेतले तर काय होते, हे दोन्ही प्रयोग एकाच भूमीवर, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत झाले.

गोष्ट 1918 पासून सुरू होते. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडच्या 105 जागांपैकी 73 जागा स्वातंत्र्यवादी सिन फेन पक्षाने जिंकल्या. ब्रिटिश सरकार घाबरले. आता स्थानिक संस्थाही याच पक्षाच्या ताब्यात गेल्या तर दक्षिणेकडच्या प्रोटेस्टंट, ब्रिटिशनिष्ठ अल्पसंख्याकांचे काय होईल, ही त्यांची चिंता. त्यावर उपाय म्हणून प्रमाणशीर प्रतिनिधित्व पुढे आले. 15 जानेवारी 1919 रोजी स्लायगो या शहराच्या नगरपालिकेत त्याचा पहिला प्रयोग झाला. 24 जागांच्या त्या सभागृहात सिन फेन आली, मजूर गट आला, अपक्ष आले आणि प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांचा सहभाग असलेल्या करदात्यांच्या संघटनेलाही 8 जागा मिळाल्या. कुणालाच सगळे मिळाले नाही आणि कुणीच रिकाम्या हाताने परतले नाही. त्याच वर्षी कायदा होऊन ही पद्धत सगळ्या आयर्लंडच्या स्थानिक संस्थांना लागू झाली.

योगायोग बघा. स्लायगोच्या मतदानानंतर बाराच दिवसांनी, 27 जानेवारी 1919 रोजी, मुंबईत साउथबरो समितीपुढे एक तरुण प्राध्यापक साक्ष देत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा मुद्दा असा होता की लोकांच्या सरकारात मतांचे प्रतिनिधित्व झाले म्हणजे भागले असे नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व झाले पाहिजे. अस्पृश्यांच्या वतीने बोलणारा कितीही भला असो, अस्पृश्य स्वतः सभागृहात असल्याखेरीज ते सभागृह लोकांचे नाही. ही दोन वाक्ये लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज लागेल.

आता पद्धत समजून घेऊ. एकल संक्रमणीय मत असे तिचे जड नाव आहे, पण काम सोपे आहे. एका मतदारसंघातून एकच नाही तर चार, पाच, सहा प्रतिनिधी निवडायचे. मतदाराला मत मात्र एकच. तो उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. निवडून येण्यासाठी ठरावीक मतांचा कोटा लागतो. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त अशा संख्येने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा, की झाला कोटा. एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मते पडली तर वरची मते पुढच्या पसंतीला जातात. जो तळाला राहतो तो बाद होतो आणि त्याची मतेही पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणजे 'याला मत देऊन वाया घालवू नका' ही आपल्याकडची नेहमीची धमकी तिथे चालत नाही. पहिली पसंती मनातल्या माणसाला द्या, तो पडला तर तुमचे मत मरत नाही, पुढे चालते.

या पद्धतीने जानेवारी 1920 मध्ये शहरांच्या आणि जूनच्या सुमारास काउंटी कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या. काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा. रस्ते, आरोग्य, स्थानिक कर, नोकऱ्या, सगळे तिच्या हातात. त्या वेळी सर्वांना मताधिकार नव्हता, आणि देशात ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा पेटलेला होता. तरी निकाल बोलका होता. दक्षिणेत सिन फेनने मैदान मारले. पण उत्तरेत, जिथे युनियनिस्टांचा दरारा होता, तिथे वेगळेच घडले. टायरोन आणि फर्मॅना या दोन काउंट्यांत कॅथलिक लोकसंख्या अर्ध्याहून जास्त होती. तिथल्या काउंटी कौन्सिलांवर राष्ट्रवादी बहुमत आले. डेरी शहरात, ज्याच्या तटबंदीवर प्रोटेस्टंट विजयाच्या कथा लिहिलेल्या, तिथे शतकांनंतर पहिला कॅथलिक महापौर झाला. बेलफास्टमध्ये मजूर पक्षाचे लोक नगरसभागृहात जाऊन बसले. धर्माच्या दोन गटांत वाटलेल्या शहरात कामगार म्हणून निवडून येणारी माणसे! जी पद्धत दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांसाठी आणली, तिने उत्तरेतल्या कॅथलिकांनाही आवाज दिला. न्याय्य पद्धतीचा हा गुण असतो. ती कुणाच्या बाजूने आहे हे आधी सांगता येत नाही.

आणि नेमका हाच गुण सत्ताधाऱ्यांना खुपतो.

1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेतल्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टला वेगळी संसद आली आणि तिथे युनियनिस्टांचे पक्के बहुमत होते. टायरोन आणि फर्मॅनाच्या कौन्सिलांनी या संसदेला मानायला नकार दिला, तेव्हा कायदा करून त्या बरखास्त केल्या गेल्या. मग 1922 मध्ये दुसरा कायदा आला. स्थानिक निवडणुकांतील प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द. पुन्हा जुनीच पद्धत, ज्याला जास्त मते त्याची जागा. शिवाय कौन्सिलच्या सदस्यांवर राजनिष्ठेच्या शपथेची सक्ती. डब्लिनमधून मायकेल कॉलिन्सने जोरदार विरोध केला. लंडनने काही आठवडे संमती अडवून धरली. पण बेलफास्टच्या सरकारने राजीनाम्याची धमकी दिली आणि सप्टेंबर 1922 मध्ये संमती मिळाली.

इथे थोडे थांबावेसे वाटते. नव्या संसदेची स्वतःची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने घ्यावी, असे ब्रिटिश कायद्यात लिहिले होते आणि तीन वर्षे ते बदलता येणार नव्हते. स्थानिक संस्थांना तेवढेही संरक्षण नव्हते. म्हणून पहिला घाव तिथे पडला. तीन वर्षांची मुदत संपल्यावर संसदेचीही पाळी आली आणि 1929 मध्ये तिथूनही ही पद्धत गेली. 1925 मध्ये बेलफास्टमधून मजूर पक्षाचे तीन आमदार आले होते, 1929 नंतर एक उरला. पंतप्रधान क्रेग यांना सभागृहात दोनच प्रकारची माणसे हवी होती, ब्रिटनसोबतची आणि ब्रिटनविरोधी. भाकरीवर बोलणारा तिसरा माणूस त्यांना नको होता. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की रोजगाराचा, घराचा प्रश्न बाजूला सारून 'आमचे की त्यांचे' एवढाच प्रश्न उरवला जातो, त्याच्याशी हे ताडून पाहा.

सामान्य कायद्याने दिलेले संरक्षण सामान्य बहुमत काढून घेऊ शकते. म्हणूनच बाबासाहेब प्रत्येक संरक्षण संविधानात लिहून घेण्याचा आग्रह धरत होते. दक्षिण आयर्लंडने संसदेच्या निवडणुकीसाठी ही पद्धत 1937 च्या राज्यघटनेत लिहिली. नंतर सत्ताधारी फियाना फॉल पक्षाने ती हटवण्यासाठी दोनदा सार्वमत घेतले, 1959 मध्ये आणि 1968 मध्ये. दोन्ही वेळा जनतेने नाही म्हटले. 1959 मध्ये तर त्याच दिवशी त्याच जनतेने त्या पक्षाचे नेते डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिले. नेता हवा, पण आमच्या मताची किंमत कमी करणारी त्याची दुरुस्ती नको! एवढा विवेक शेतकऱ्यांच्या त्या देशाने दाखवला.

उत्तरेत मात्र प्रश्न कुणाला विचारलाच नाही. पद्धत बदलल्यावर वॉर्डांच्या सीमा नव्याने आखण्यासाठी लीच नावाच्या अधिकाऱ्याचा आयोग बसला. गावोगावी सुनावण्या झाल्या. राष्ट्रवादी कॅथलिकांनी बहुतेक ठिकाणी त्यांवर बहिष्कार टाकला. या सरकारलाच मानत नाही तर त्याच्या आयोगापुढे कशाला जायचे, ही भूमिका. भावना समजण्यासारखी होती. परिणाम असा झाला की आयोगापुढे एकाच बाजूचे नकाशे आले आणि तेच मंजूर झाले. 1924 च्या निवडणुकीतही बऱ्याच ठिकाणी बहिष्कार. टायरोन आणि फर्मॅना या बहुसंख्य कॅथलिक काउंट्या युनियनिस्टांच्या हातात गेल्या, त्या जवळजवळ पन्नास वर्षे.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते डेरी शहराच्या आकड्यांवरून दिसते. 1969 च्या कॅमेरॉन अहवालात ते दिले आहेत. शहरात 20 नगरसेवक आणि तीन वॉर्ड. साउथ वॉर्डात 10,047 कॅथलिक मतदार आणि 1,138 इतर, नगरसेवक 8. नॉर्थ वॉर्डात 2,530 कॅथलिक आणि 3,946 इतर, नगरसेवक 8. वॉटरसाइड वॉर्डात 1,852 कॅथलिक आणि 3,697 इतर, नगरसेवक 4. शहराची बेरीज करा. कॅथलिक 14,429, इतर 8,781. आणि सभागृहात? युनियनिस्ट 12, कॅथलिकांचे प्रतिनिधी 8. अल्पमताने बहुमतावर राज्य केले आणि तेही प्रत्येक निवडणूक 'कायदेशीर' घेऊन. दहा हजार लोक एका वॉर्डात कोंबायचे म्हणजे त्यांची जास्तीची मते तिथेच कुजतात, आणि उरलेल्या दोन वॉर्डांत त्यांना अल्पमतात ठेवायचे.

आता मी कागद-पेन घेऊन केलेला हिशेब सांगतो. वॉर्डांच्या सीमा तशाच ठेवा, त्या अन्यायाच्या सीमा. मतदारही तेच आणि प्रत्येकाने आपापल्या गटालाच मत दिले असे धरा. फक्त मोजण्याची पद्धत 1920 ची लावा. साउथ वॉर्डात कोटा 1,243 येतो, आठही जागा कॅथलिकांना. नॉर्थ वॉर्डात कोटा 720, तिथे कॅथलिकांना तीन. वॉटरसाइडला कोटा 1,110, तिथे एक. बेरीज 12. म्हणजे सीमा आखणाऱ्याची सगळी हुशारी एका मोजणीच्या नियमाने निकामी होते. 1922 मध्ये आधी पद्धत का बदलली आणि सीमा नंतर का आखल्या, याचे उत्तर या हिशेबात आहे. प्रमाणशीर पद्धत असताना सीमांचा खेळ फारसा चालतच नाही.

कुणी म्हणेल, नगरसेवकांच्या संख्येचे एवढे काय? त्याचे उत्तर घर. स्थानिक कौन्सिल सरकारी घरे वाटत असे आणि स्थानिक निवडणुकीत मत कुणाला होते, तर घराचा कर भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला नाही, आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या सज्ञान मुलांना नाही. उलट कंपन्यांना जादा मते. म्हणजे घर दिले की मत दिले, आणि म्हणूनच 'त्यांना' घर द्यायचे नाही. जून 1968 मध्ये टायरोन काउंटीतल्या कॅलेडन गावात गरजू कॅथलिक कुटुंबे ताटकळत असताना एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला घर दिले गेले. आमदार ऑस्टिन करी त्या घरात शिरून बसले, पोलिसांनी त्यांना ओढून बाहेर काढले. त्या ठिणगीतून मोर्चे निघाले. 5 ऑक्टोबर 1968 ला डेरीच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि जगाने टीव्हीवर त्या पाहिल्या. मागणी काय होती? एक माणूस, एक मत. युरोपात, 1968 साली! पुढची तीस वर्षे त्या भूमीवर जे रक्त सांडले त्याची कारणे अनेक आहेत, पण मतपेटीचा रस्ता बंद करणे हे त्यातले एक होते, हे नाकारता येणार नाही.

शेवटी काय झाले? कंपन्यांची मते गेली, सर्वांना मत मिळाले, घरवाटप कौन्सिलांकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिले, जुन्या काउंटी कौन्सिलांच्या जागी 26 जिल्हा कौन्सिले आली आणि 30 मे 1973 रोजी त्यांची निवडणूक पुन्हा त्याच पद्धतीने झाली, जी 1922 मध्ये मोडली होती. अर्धशतक वाया घालवून गाडी मूळ ठिकाणी आली. आजही तिथे स्थानिक निवडणुका याच पद्धतीने होतात.

आता आपल्याकडे या.

बाबासाहेबांनी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला होता, हे सांगून काही मित्र ही चर्चा बंद करू पाहतात. विरोध केला होता हे खरे आहे. जानेवारी 1949 मध्ये काझी सय्यद करिमुद्दीन यांच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी मुख्यतः दोन अडचणी सांगितल्या. एक, या पद्धतीला व्यापक साक्षरता लागते. दोन, सभागृहात अनेक गट होऊन सरकार अस्थिर होईल. पण बाबासाहेबांचे म्हणणे त्यांच्याच रीतीने, म्हणजे कारणे तपासून वाचायला हवे. 1951 मध्ये देशाची साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. 2011 मध्ये महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांच्या वर गेली. पहिली अडचण मावळली. दुसरी अडचण देशाच्या सरकारविषयी होती. जिल्हा परिषद आणि महापालिका पडल्याने देश पडत नाही. आणि आजच्या पद्धतीत तरी कुठे स्थैर्य आहे? निकालानंतर कोण कुठल्या हॉटेलात होते आणि कोण कुठल्या गटात गेले, हे आपण दरवेळी बातम्यांत पाहतो.

शिवाय मोजणीच्या पद्धतीचे महत्त्व बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. 1937 मध्ये मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवारावर एकवटता येत होती. त्या पद्धतीत स्वतंत्र मजूर पक्षाने काँग्रेसला घाम फोडला आणि बाबासाहेब भायखळा-परळमधून निवडून आले. 1952 च्या लोकसभेत दोन जागांचे मतदारसंघ राहिले, पण मते एकवटण्याची सोय गेली. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर संविधानाचा शिल्पकार काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाला. पराभवाची इतर कारणेही होती, पण पद्धत बदलली होती हे विसरू नका.

आज मुंबई सोडून आपल्या बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एका प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड. ऐकायला हे आयर्लंडसारखे वाटते, पण आहे अगदी उलट. इथे प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी होते आणि प्रत्येक मतदार चारही बटणे दाबतो. कल्पनेतला एक प्रभाग घ्या. 20,000 मते पडली. एका पक्षाला 9,000, दुसऱ्याला 5,000, तिसऱ्याला 3,500, चौथ्याला 2,500. आपल्या पद्धतीत 45 टक्केवाला पक्ष चारही जागा घेऊन जातो. 11,000 लोकांचे मत शून्य. आयरिश पद्धतीत कोटा 4,001. पहिल्या पक्षाला दोन, दुसऱ्याला एक आणि चौथी जागा पसंतीच्या आकड्यांवर ठरेल. तिच्यासाठी मोठ्या पक्षालाही छोट्या गटाच्या दारात 'दुसरी पसंती द्या' म्हणून यावे लागेल. आपल्या पक्षांना मते पडतात आणि जागा मिळत नाहीत, याचे खापर फक्त आपल्या फुटीवर फोडले जाते. फूट आहेच. पण फुटीला एवढी जबर शिक्षा ही पद्धत देते.

आणि राखीव जागा? 'अ' जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असते, पण तिचा नगरसेवक निवडतो सगळा प्रभाग. त्यामुळे मोठ्या पक्षाला सोयीचा, गप्प बसणारा माणूस तिथे सहज बसवता येतो. मी ज्या वस्तीत काम करतो तिथल्या बचतगटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, सीट आपली, पण माणूस त्यांचा." पुणे करारावर इतके नेमके भाष्य मी वर्गातही ऐकले नव्हते. 24 सप्टेंबर 1932 ला 71 च्या जागी 148 जागा मिळाल्या, पण निवडणारा हात बदलला. तोच हात आज प्रभागात आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिचा गैरवापर होऊ शकतो. प्रमाणशीर पद्धत आली म्हणजे आरक्षण नको, असे मी मुळीच म्हणत नाही. टायरोनचा कॅथलिक अल्पसंख्य नव्हता, तो एकवटून राहत होता, त्याच्यामागे चर्च होते, शाळा होत्या, वर्तमानपत्रे होती. आपण महाराष्ट्रात अनुसूचित जाती म्हणून 12 टक्क्यांच्या आत आहोत आणि गावोगाव विखुरलेले आहोत. चार जागांच्या प्रभागात कोटा 20 टक्क्यांचा. तो एकट्याने सगळीकडे गाठता येणार नाही. आणि सवर्ण मतदार दुसरी पसंती जात ओलांडून देईल, या भाबड्या आशेवर आपले प्रतिनिधित्व सोडता येणार नाही. 1919 चे ते म्हणणे आठवा. मतांचे प्रतिनिधित्व प्रमाणशीर पद्धत देते, माणसांचे प्रतिनिधित्व आरक्षण देते. दोन्ही हवेत. चार निवडून येणाऱ्यांत एक अनुसूचित जातीचा असलाच पाहिजे, असा मोजणीचा नियम घालता येतो. एका मतदाराला एकच मत असल्याने इतर समाजांची पहिली पसंती बहुतेक आपापल्या पुढाऱ्यांवर खर्च होईल आणि राखीव जागेचा निर्णय मोठ्या प्रमाणात वस्तीच्या पहिल्या पसंतीवर होईल. बाबासाहेबांना 1932 मध्ये जे हवे होते त्याच्या जवळ जाणारा हा मार्ग आहे.

ही पद्धत लोकांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की ती तुम्हाला कशी झेपते? राष्ट्रपती याच पद्धतीने निवडले जातात. राज्यसभेचे खासदार आमदार याच पद्धतीने निवडतात. महापालिकेच्या समित्यांत पक्षांना जागा तौलनिक संख्याबळावर, म्हणजे प्रमाणातच मिळतात. पदवीधर मतदारसंघात मी स्वतः जांभळ्या स्केचपेनने 1, 2, 3 लिहून आलो आहे आणि त्याला अर्धे मिनिट लागले. म्हणजे जिथे मतदार पुढारी आहे किंवा पदवीधर आहे तिथे प्रमाणशीर न्याय, आणि जिथे मतदार सफाई कामगार आहे, घरकाम करणारी बाई आहे, तिथे 'ज्याला जास्त त्याला सगळे'. आयर्लंडचा शेतकरी शंभर वर्षे हे आकडे लिहितो आहे. भिशीचा, बचतगटाचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी आमची बाई ते लिहू शकणार नाही? मतदान यंत्रावर पसंतीक्रम देता येत नाही, त्यासाठी मतपत्रिका लागेल हे खरे. पण मतपत्रिका हवी ही मागणी आपल्यातले अनेकजण तशीही करतच आहेत.

संविधान स्थानिक संस्थांच्या जागा प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भराव्यात असे सांगते आणि निवडणुकीचे तपशील ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला देते. चार जागांचा प्रभाग राज्याच्या कायद्याने येऊ शकतो, तर त्यातली मोजणीही राज्याच्या कायद्याने बदलू शकते, असे माझे वाचन आहे. आपल्या वकील मित्रांनी हा मुद्दा हाती घ्यावा.

तोवर लीच आयोगाचा धडा विसरू नये. आमच्या शहरात प्रारूप प्रभागरचना आली तेव्हा नाल्यावरून रेघ ओढून आमची वस्ती दोन प्रभागांत कापली होती. आम्ही वीस-पंचवीस जण नकाशा घेऊन हरकती लिहायला बसलो, तेव्हा काही कार्यकर्ते म्हणाले, सगळे आधीच ठरलेले असते, कशाला कागद काळे करता. आमची हरकत मान्य झाली नाही. तरीही पुढच्या वेळी मी पुन्हा लिहिणार आहे आणि पन्नास जणांना लिहायला लावणार आहे. टायरोनच्या लोकांनी त्या सुनावण्या सोडल्या, म्हणून कागदोपत्री एकच बाजू उरली. कॅमेरॉन अहवालात डेरीचे आकडे छापून आले ते लोकांनी वॉर्डावॉर्डाचा हिशेब मांडून आवाज उठवला म्हणून. नोंदलेला अन्यायच पुढे मागणी बनतो.

म्हणून माझे म्हणणे तीन कामांत सांगतो. प्रभागरचनेचा नकाशा आला की प्रत्येक वस्तीने लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. मागच्या निवडणुकीत आपल्या प्रभागात कुणाला किती मते पडली आणि किती जागा मिळाल्या, याचा तक्ता करून विहारात लावावा. आणि युतीच्या वाटाघाटीला बसणाऱ्या आपल्या प्रत्येक नेत्याला विचारावे, जागा किती मागता ते नंतर सांगा, स्थानिक निवडणुकीत प्रमाणशीर प्रतिनिधित्व ही मागणी तुमच्या जाहीरनाम्यात आहे की नाही? कुणाकडून मिळालेल्या दोन-चार जागा पुढच्या निवडणुकीला परत घेतल्या जातात. पद्धतच बदलली तर आपल्या मतांच्या जागांसाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

जय भीम!